किटलीतली नक्कल

हिंदुस्थानच्या प्रवासात टिकावी म्हणून लंडनलगतच्या बो येथील हॉजसनने कडू ‘पेल एल’ बिअर शोधून काढली, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगितले. चुकलेच. उष्ण देशी जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स अधिक घालण्याची रीत विलायतेत आधीपासूनच होती. हॉजसनचा माल जहाजांचे कप्तान उधारीवर उचलून इकडे विकत, एवढेच.

१८२२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या एका संचालकाने बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉपला तीच बिअर करून पाहण्यास सुचविले. रशियाची गिऱ्हाइकी बुडाल्याने ऑलसॉप अडचणीत होताच. त्याच्या जॉब गुडहेडने म्हणे चहाच्या किटलीत नमुना उतरवला! (कथेला तिखटमीठ लागले असणारच.) खरी करामत बर्टनच्या विहिरींची. पाण्यातल्या जिप्समने हॉप्सचा कडूपणा लख्ख उठतो. पुढे हॉजसन मागे पडला.

यंदा मी मुलांना ते जुने वाक्य वहीतून खोडायला लावले.