खतामागील हिशेब

गेल्या पावसाळ्यांत आमचे एक सेवानिवृत्त स्नेही एका संध्याकाळीं कांहीं कागद घेऊन माझ्याकडे आले. क्रेडिट कार्डावरील ज्या खरेद्या आपण केल्याच नाहींत असें त्यांचें म्हणणें होतें, त्यांची रक्कम व्याज आणि दंड धरून त्यांच्याकडे मागितली जात होती. वसुलीचीं माणसें दिवसांतून चार चार वेळां फोन करीत, आणि शेवटीं त्यांनीं एक ‘सौम्य’ सूचना केली होती : तूर्त दोन हजार भरा, एका कागदावर सही करा, बाकीचें पुढें पाहूं. “दोन हजारांनीं ही कटकट मिटत असेल, तर देऊन टाकावे म्हणतों,” स्नेही म्हणाले. इतिहासाच्या अध्यापकाला बँकेच्या व्यवहारांतलें काय कळतें, असें मी म्हणणार होतों. पण ‘सही करा’ हे शब्द कानीं पडतांच मला सुपें गांव आठवलें.

पुणें जिल्ह्यांतील भीमथडी तालुक्यांत सुपें येथें 12 मे 1875 रोजीं आसपासच्या रयतेनें सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. हें लोण पाहतां पाहतां पुणें व नगर जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गांवांत पसरलें. 951 लोक पकडले गेले व 501 जणांस शिक्षा झाल्या. लूट झाली, जाळपोळही झाली. तथापि जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, तसा त्याच्या द्रव्यावरही नव्हता. तो त्याच्या कागदांवर होता. जेथें सावकारानें खतें व हुकूमनामे मुकाट्यानें काढून दिले, तेथें बहुधा पुढें कांहीं घडलें नाहीं. कागदांची होळी झाली आणि लोक घरोघर परतले.

कागदावर एवढा राग कां? याचें उत्तर एका भल्या हेतूनें केलेल्या कायद्यांत आहे. जुनीं कर्जें पिढ्यान् पिढ्या उकरून काढलीं जाऊं नयेत म्हणून 1859 च्या कायद्यानें साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. परिणाम मात्र उलटा झाला. मुदत संपत आली कीं सावकार दारीं येई आणि म्हणे, “दावा करूं, कीं खत नवें करून देतोस?” रयत नवें खत करून देई. समजा, शंभर रुपये दरमहा दोन टक्के व्याजानें काढले. तीन वर्षांनीं 172 रुपयांचें खत झालें. आणखी तीन वर्षांनीं जवळजवळ 296 चें. नवव्या वर्षाअखेर सुमारें 509 चें. मध्यंतरीं एक पैही नवी उचललेली नाहीं! व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये, असा आपला दामदुप्पटाचा जुना दंडक होता. पण प्रत्येक नव्या खतांत मागलें व्याजच मुद्दल बनून बसे, आणि दंडक जागच्या जागीं राही.

खतावर सहीऐवजीं नांगराची खूण असे. ‘निशाणी नांगर’ एवढें लिहिलें कीं कागद पक्का झाला. त्यांत काय लिहिलें आहे हें खूण करणारास वाचतां येत नसे, आणि हिशेबाची वही असे ती सावकाराच्या घरीं. पुढें कोर्टाचें समन्स आलें तरी पुष्कळ रयत तिकडे फिरकत नसे. हुकूमनामे एकतर्फी होत. 1865 नंतर अमेरिकेंतील यादवी संपून कापसाचा भाव उतरला, सावकारानें हात आंखडता घेतला, आणि इतकीं वर्षें मुकाट्यानें केलेल्या खुणा एकदम अंगावर आल्या. गप्प बसणें आणि जाळणें या दोहोंखेरीज तिसरी वाट त्या रयतेस ठाऊक नव्हती.

ती वाट काढली 1879 च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्यानें. पुणें, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांसाठीं तो झाला. कर्जाच्या रकमेविषयीं वाद असेल तर न्यायाधीशानें केवळ खतावर विसंबूं नये. उभयतांच्या जबान्या घ्याव्या, व्यवहाराच्या आरंभापासून चौकशी करावी, मुद्दल व व्याज वेगळें मांडावें, चक्रवाढीचा करार बाजूस ठेवावा, असें त्यानें ठरविलें. ऋणकोस पावती व वार्षिक हिशेब मागण्याचा हक्कही दिला. हा कायदा निर्दोष नव्हता. त्यांतून निसटण्यासाठीं गहाणाऐवजीं विक्रीचीं खतें लिहून घेण्याची युक्ति निघाली. तरीही त्यांतील तत्त्व मला फार मोलाचें वाटतें. सही हा कर्जाचा शेवटचा पुरावा नव्हे. हिशेबाच्या पहिल्या ओळीपर्यंत मागें जाण्याचा अधिकार ऋणकोस आहे.

मीं स्नेह्यांस हेंच सांगितलें. 1963 च्या मुदतीच्या कायद्यांतही साधारणतः तीनच वर्षें आहेत, आणि मुदत संपण्यापूर्वीं कर्ज कबूल करणारा सहीचा लेख दिला, तर मुदत पुन्हां पहिल्यापासून मोजली जाते. दोन हजारांसह मागितलेली ती सही म्हणजे सुप्याचें नवें खतच होय. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनीं तर बिलाविषयीं तक्रार आल्यास तीस दिवसांच्या आंत खुलासा व जरूर तर कागदोपत्रीं पुरावा देण्याचें बंधन बँकांवर घातलें. तेव्हां फोनवर हुज्जत घालूं नये, रागावूं नये, कबूलही करूं नये. लेखी पत्रानें हिशेब मागावा, पत्राची पोंच जपून ठेवावी, आणि कोर्टाची नोटीस आली तर घरीं बसूं नये.

पत्र गेलें. तीन आठवड्यांनीं तपशील आला. वादाच्या सहा नोंदींपैकीं पांच बँकेनें रद्द केल्या. सहावी मात्र एका मासिकाची वर्गणी होती, आणि ती स्नेह्यांनीं स्वतःच भरून विसरून गेलेली. त्यांनीं ती रक्कम त्याच दिवशीं चुकती केली. “हिशेब मागितला नसता तर हें देणेंही मला कळलें नसतें,” ते किंचित् ओशाळून म्हणाले. सुप्याच्या रयतेनें जे कागद जाळले, त्यांत खोटीं देणीं होतीं, तशीं खरींही असतील. तीं निवडून काढण्याची सोय त्या मे महिन्यांत कोणींच ठेवली नव्हती.