संवेदन-समन्वयाच्या अडचणी आणि पालकशिक्षण : ठाणे व कल्याण-डोंबिवली

स्पर्श, आवाज, प्रकाश, वास आणि चव यांच्या जोडीला शरीराचा तोल व स्नायू-सांध्यांवरचा ताण यांचीही खबर मेंदूकडे अखंड येत असते. त्यातली कामाची खबर उचलून, बाकीची मागे टाकून शरीराने प्रसंगाला साजेसा प्रतिसाद देणे म्हणजे संवेदन-समन्वय. काही मुलांमध्ये हा समन्वय नीट बसत नाही. कुकरची शिट्टी किंवा आरतीतली झांज त्यांना असह्य होते, गणवेशाच्या कॉलरमागची पट्टी दिवसभर टोचत राहते, नखे आणि केस कापणे म्हणजे घरातली लढाई ठरते. उलट काही मुलांना खबर अपुरी मिळते. ती सतत उड्या मारतात, भिंतीवर आदळतात, वस्तू चावतात, गुडघा फुटला तरी रडत नाहीत. एकाच मुलात दोन्ही प्रकार असू शकतात. अशी मुले हट्टी, लाडावलेली किंवा आळशी म्हणून ओळखली जातात आणि त्यांच्या आईला नातेवाइकांकडून वळण लावण्याचे सल्ले मिळतात. पालकशिक्षणाची गरज इथूनच सुरू होते.

या कल्पनेची मांडणी अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ ए. जीन एअर्स (१९२०–८८) यांनी केली. त्यांचा मूळ ग्रंथ १९७२ साली आला. १९७९ मधले दुसरे पुस्तक त्यांनी मुद्दाम पालकांसाठी लिहिले. म्हणजे पालकांना समजावून सांगणे हा या विषयाचा सुरुवातीपासूनचा भाग आहे. विनी डन यांनी १९९९ मध्ये तयार केलेली प्रश्नावली आई-वडिलांनीच भरायची असते, कारण मूल दिवसभर कसे वागते हे त्यांनाच ठाऊक असते. कॅरॉल स्टॉक क्रॅनोविट्झ यांच्या ‘द आउट-ऑफ-सिंक चाइल्ड’ (१९९८) या पुस्तकाने हा विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला. आपल्याकडच्या अनेक उपचार केंद्रांत पालकांना आजही हेच पुस्तक सुचवले जाते. ते इंग्रजीत आहे आणि त्यातली घरे अंगण-तळघराची आहेत.

पालकाने पहिल्या दिवशीच समजून घ्यावी अशी एक गोष्ट आहे. ‘संवेदन-प्रक्रिया विकार’ या नावाचे स्वतंत्र निदान सर्वमान्य नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात ते नाही, मात्र संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या लक्षणांत तिथे समाविष्ट झाले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये सांगितले, की हे स्वतंत्र निदान सहसा करू नये. या उपचारपद्धती सर्वांगीण योजनेचा एक भाग म्हणून वापरता येतील, पण त्यांच्यामागचा पुरावा मर्यादित आहे हे कुटुंबाला सांगावे, असेही तिने म्हटले. संशोधनाचे निष्कर्ष एकाच बाजूचे नाहीत. २०१४ च्या एका छोट्या अमेरिकी चाचणीत ठरवून दिलेली रोजची उद्दिष्टे मुलांनी अधिक प्रमाणात गाठली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३८ मुलांवरच्या ब्रिटिश चाचणीत मात्र नेहमीच्या सेवेपेक्षा चिडचिड व अस्वस्थता कमी झाल्याचे दिसले नाही. वजनदार जाकिटे आणि ठरावीक वेळाने अंगावर ब्रश फिरवणे यांचा आधार तर आणखी कच्चा आहे. मुलाचा त्रास खरा असतो, त्यात शंका नाही. शंका घ्यायची ती ‘इतक्या सेशनमध्ये पूर्ण बरे करू’ असे सांगणाऱ्यावर.

महाराष्ट्रात या विद्येचा वारसा जुना आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर मुंबईकर झालेल्या कमलाताई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना १९५२ मध्ये स्थापन झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेला त्यांचेच नाव आहे. आज केईएम, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि नायर या मुंबई महापालिकेच्या तीनही मोठ्या रुग्णालयांत व्यवसायोपचाराचे शिक्षण व सेवा आहे. हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था आहे. खासगी केंद्राचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबासाठी हीच खरी दारे. पण डोंबिवलीहून शीवला जायचे तर धीमी लोकल पकडावी लागते, कारण जलद गाडी तिथे थांबत नाही. आवाज आणि धक्के सहन न होणाऱ्या मुलाला घेऊन सकाळच्या गर्दीत तासभर उभे राहायचे, म्हणजे केंद्रात पोचेपर्यंत मूल थकून गेलेले असते. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर राखीव डब्यातून जाता येते. नसेल तर दुपारची वेळ मागून घ्यावी. तशी मागणी करण्यात संकोच बाळगू नये.

ठाणे जिल्ह्यात सरकारी वाट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जाते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि विकासातील विलंब आढळलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे असते. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिका रुग्णालये बालरोगतज्ज्ञाच्या पहिल्या चिठ्ठीसाठी उपयोगी पडतात. ठाणे महापालिकेची ‘जिद्द’ ही विशेष मुलांची शाळा शहरात परिचित आहे. नौपाड्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, या संस्थेने मानसिक आरोग्याविषयी मराठीत मोकळेपणाने बोलण्याची सवय ठाण्याला लावली. तिच्या ‘आवाहन’ या यूट्यूब वाहिनीवर पालकत्व आणि भावनांचे नियोजन यांवर भरपूर मराठी साहित्य आहे. त्यातून व्यवसायोपचाराचे, म्हणजे ओटीचे, तंत्र शिकायला मिळणार नाही, पण थकलेल्या आई-वडिलांना स्वतःला सावरायला त्याची मदत होते. मुंबईत विकासात्मक बालरोगतज्ज्ञ डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये स्थापन केलेली ‘उम्मीद’ आणि पालकांनीच उभा केलेला ‘फोरम फॉर ऑटिझम’ हे आणखी दोन आधार.

उपचार घेण्याआधी दोन तपासण्या कोणी टाळू नयेत : कानांची आणि डोळ्यांची. हाक मारल्यावर न वळणाऱ्या मुलाला कमी ऐकू येत असू शकते. ते तपासल्याशिवाय संवेदनांच्या गप्पा व्यर्थ आहेत. थेरपिस्टकडे महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का, हेही विचारून घ्यावे. गल्लोगल्ली उघडलेल्या केंद्रांच्या काळात हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. नंतर तीन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. रोजच्या जगण्यात नेमके काय सुधारायचे आहे, ते सुधारले हे कशावरून ओळखायचे आणि फरक पडला नाही तर केव्हा थांबायचे? ‘संवेदनांचे संतुलन’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘महिन्याभरात शर्ट स्वतः घालेल आणि दोन तास अंगावर ठेवेल’ हे मोजता येते.

कायद्याची बाजू थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत संवेदन-समन्वयाची अडचण स्वतंत्रपणे नाही. तिच्यासोबत स्वमग्नता किंवा विशिष्ट अध्ययन अक्षमता असेल तर त्या नावाने प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे आणि नियमित थेरपीचा खर्च तिच्यात धरला जातो. ती माहीत नसल्यामुळे अनेक घरे खिशातून पैसे भरत राहतात.

पालकाचे सगळ्यांत मोठे पाठ्यपुस्तक म्हणजे त्याने स्वतः ठेवलेली नोंदवही. मूल बिथरले, त्याआधी काय घडले होते, ते केव्हा घडले, किती वेळ चालले आणि कशाने शांत झाले, एवढेच लिहायचे. दोन-तीन आठवड्यांत आकार दिसू लागतो. दर सोमवारी शाळेत रडणारे मूल अभ्यासाला घाबरत नसते. त्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी ध्वनिक्षेपकाखाली उभे राहावे लागते, हे वहीमुळे कळते. मोबाइलवर घेतलेली एक-दोन मिनिटांची चित्रफीत थेरपिस्टला दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगते. वर्गशिक्षिकेकडे तक्रार घेऊन जाण्यापेक्षा ही वही घेऊन जावे. खिडकीपासून दूरची जागा, पी.टी.च्या तासाआधी सूचना, लिहिताना मध्ये वर्गातली वह्यांची चळत उचलून देण्याचे काम असे साधे बदल बहुतेक शिक्षक आनंदाने करतात.

घरचा कार्यक्रम, ज्याला सगळे ‘होम प्रोग्राम’ म्हणतात, तो वन बीएचकेत बसला पाहिजे. स्नायूंना काम देणाऱ्या क्रिया बहुतेक मुलांना शांत करतात, आणि मराठी घर अशा कामांनी भरलेले आहे. कणीक मळणे, ओले कपडे पिळणे, पाण्याची अर्धी बादली उचलणे, गिरणीतून दळणाचा छोटा डबा आणणे, गादीवर गोधडीच्या गुंडाळीत लोळणे. गॅलरीतला झोपाळा तोलाच्या इंद्रियाला भरपूर खबर देतो. पुढे-मागे संथ झोका शांत करतो, गरगर फिरवल्याने मूल उत्तेजित होते, त्यामुळे मात्रा थेरपिस्टकडून ठरवून घ्यावी. फिट्स येणाऱ्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. आंघोळीआधीचे तेल घट्ट, सावकाश हाताने लावलेले चालते. हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श याच मुलांना टोचतो. तांदळात लपवलेल्या वस्तू शोधणे, मटार सोलणे, रांगोळी चिमटीत धरणे यांतून बोटे शिकतात. जेवणात नव्या पदार्थाची सक्ती करू नये. तो आधी ताटाजवळ येऊ द्यावा, मग हाताला, मग ओठाला. चावण्याची ओढ असलेल्या मोठ्या मुलाला चकली, गाजर, चिक्की द्यावी. लहान मुलाला दाणे व कडक पदार्थ देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. मूल नको म्हणते तेव्हा थांबावे. जबरदस्तीने दिलेले संवेदन शिकवत नाही, भीती वाढवते. या घरच्या कार्यक्रमाला महागडे साहित्य लागत नाही, ‘सेन्सरी किट’च्या जाहिराती काहीही म्हणोत.

घराबाहेरचा आवाज मात्र पालकाच्या हातात नाही. ठाण्यात टेंभीनाका आणि जांभळी नाक्याची दहीहंडी, डोंबिवलीत फडके रोडची दिवाळी पहाट आणि गुढीपाडव्याची शोभायात्रा, विसर्जनाचे ढोल-ताशे हा या शहरांचा आनंद आहे. काही मुलांना त्याच वेळी कान झाकून कोपऱ्यात बसावे लागते. मिरवणुकीची वेळ आधी सांगणे, कॅलेंडरवर चित्र काढून ठेवणे, कानांवर आवाजरोधक हेडफोन घालणे, गर्दी होण्याआधी सकाळी मंडपात दर्शन घेऊन येणे हे उपाय उपयोगी पडतात. कायदाही पाठीशी आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तिची अंमलबजावणी व्हावी म्हणून ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने शासनाला सविस्तर आदेश दिले. हा लढा विशेष मुलांच्या पालकांनी आपलाच समजायला हवा.

इंद्रियांच्या द्वारे शिकवण्याची परंपराही याच जिल्ह्यातली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला, आणि पुढे १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला, माँटेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने, दगड यांवर बालशिक्षण उभे केले. बोर्डी-कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघरमध्ये आहेत. माँटेसोरीबाईंनी आपली साधने फ्रेंच डॉक्टर सेगँ यांच्या बौद्धिक दिव्यांग मुलांसाठीच्या कामावरून बेतली होती, हे इथे ध्यानात घ्यावे. कोसबाडचे काम म्हणजे उपचार नव्हे आणि दोहोंची गल्लत करू नये. पण महाग, परकी वाटणारी पद्धत स्थानिक वस्तूंत आणि लोकांच्या बोलीत उतरवता येते, हे ताराबाई-अनुताईंनी करून दाखवले. संवेदन-समन्वयाच्या बाबतीत ते काम अजून व्हायचे आहे.

सामान्य माणसाला शिकवले तर तो शिकतो, याला पुरावाही आहे. गोवा आणि रावळपिंडी येथे स्वमग्न मुलांच्या पालकांना घरी जाऊन संवादाचे प्रशिक्षण दिले गेले. शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते होते. ६५ मुलांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. पालकांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद अधिक जुळलेला झाला आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. हे प्रशिक्षण संवादाचे होते, संवेदनांचे नाही. तरी घर हीच शाळा आणि पालक हाच शिक्षक, ही रचना आपल्याकडे चालते एवढे त्यातून नक्की होते. जागतिक आरोग्य संघटनेचा काळजीवाहकांसाठीचा कौशल्य-प्रशिक्षण कार्यक्रमही याच विचारावर उभा आहे.

मराठीत या विषयाचे साहित्य तुटपुंजे आहे. पुण्याहून १९८७ पासून निघणाऱ्या ‘पालकनीती’ने मुलांच्या वाढीचा विचार मराठी पालकांपर्यंत सातत्याने नेला, पण ओटीची भाषा घरच्या भाषेत आणणारे लेखन थोडेच. केंद्रात हाती पडतो तो इंग्रजी तक्ता. तो आजीला वाचता येत नाही आणि दुपारभर मूल आजीकडेच असते. त्यामुळे अर्धा उपचार दाराबाहेर राहतो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. दोन्ही संस्थांनी विशेष मुलांच्या पालकांसाठी एक कपाट राखावे आणि तिथे या मुलांच्या पालकांना महिन्यातून एकदा बसायला जागा द्यावी. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या प्रत्येक व्यवसायोपचारतज्ज्ञाने सेशन संपताना घरचा कार्यक्रम मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका कागदावर लिहून द्यावा, आणि पालकांनी तो कागद हातात पडेपर्यंत मागत राहावे.