चांद्याचे लोखंड आणि ऑक्सिजनची पकड

26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा होईपर्यंत तो आणि चंद्रपूर मिळून एकच जिल्हा होता; त्याचे जुने नाव चांदा. लोहारा आणि सुरजागडच्या डोंगरांत लोहखनिज, वर्धा खोऱ्यात दगडी कोळसा, राजुरा-कोरपना भागात चुनखडी आणि सगळीकडे जंगल, एवढे सगळे असूनही देशातला पहिला मोठा पोलाद कारखाना इथे उभा राहिला नाही. सरकारी अटी आड आल्या, हे खरे. पण मूळ अडचण रसायनाची होती.

इथले खनिज मुख्यतः हेमॅटाइट. शुद्ध हेमॅटाइटमध्ये वजनाने 70 टक्के लोह असते आणि बाकीचा ऑक्सिजन. लोहाचे दोन अणू मिळून सहा इलेक्ट्रॉन देतात, ऑक्सिजनचे तीन अणू प्रत्येकी दोन घेतात. देणारा धनभारित होतो, घेणारा ऋणभारित, आणि विरुद्ध भारांचे आकर्षण दोघांना धरून ठेवते. हा आयनिक बंध. सहसंयुज बंधात देणे-घेणे नसते. दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी सामायिक ठेवतात. पाठ्यपुस्तकात या दोन बंधांमध्ये जी स्वच्छ रेघ ओढलेली असते, ती खनिजात सापडत नाही. दोन अणूंच्या विद्युतऋणतेत, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या क्षमतेत, जितका फरक जास्त, तितका बंध अधिक आयनिक. मिठातील सोडियम आणि क्लोरीन यांच्यात हा फरक 2.2 आहे. लोह आणि ऑक्सिजन यांच्यात तो 1.6 एवढाच. म्हणून हेमॅटाइटमधला बंध बराचसा आयनिक असला, तरी त्यात सहसंयुजतेचाही अंश आहे. चुनखडीत तर दोन्ही बंध शेजारी नांदतात: कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्यामध्ये आयनिक, कार्बोनेटच्या आतील कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये सहसंयुज.

लोह-ऑक्सिजनची ही पकड सोडवण्याचे काम विदर्भात फार जुने आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाणयुगीन वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली; तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे 700 मानला जातो. चांद्याच्या जंगलातले लोहारही मातीच्या छोट्या भट्टीत खनिज आणि लोणारी कोळसा भरून भाता चालवत. भात्याच्या हवेने कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तोच लालभडक कोळशातून वर जाताना कार्बन मोनॉक्साइड बनतो. हा वायू खनिजातला ऑक्सिजन ओढून पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो आणि मागे लोखंड राहते. कार्बनची सरशी होते ती उष्णतेमुळे. सुमारे 700 अंशांच्या पुढे कार्बन ऑक्सिजनला लोहापेक्षा अधिक घट्ट धरतो, शिवाय तयार झालेला वायू भट्टीबाहेर निघून जातो.

अशा भट्टीत साधारण 1200 अंश तापमान मिळे; लोखंड मात्र 1538 अंशांना वितळते. त्यामुळे रस होत नसे, सच्छिद्र गोळा मिळे. खनिजाबरोबर आलेल्या वाळूतील सिलिकॉनपासून ऑक्सिजन सोडवणे या भट्टीत शक्य नव्हते. ती वाळू काही लोह ऑक्साइडशी जुळून वितळे आणि मळी म्हणून वाहे. म्हणजे वाळू काढायची, तर तिच्याबरोबर काही लोखंडावर पाणी सोडावे लागे. गोळ्यात अडकलेली उरलेली मळी लोहार तो गोळा तापवून ऐरणीवर घणाने ठोकून बाहेर काढत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राखीव जंगलांमुळे लाकूड मिळेनासे झाले, बाहेरचे स्वस्त लोखंड बाजारात आले आणि भट्ट्या थंडावत गेल्या.

याच काळात, 1882 मध्ये, रिटर फॉन श्वार्त्झ यांचा चांद्याच्या लोखंडावरील अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा, असा तो मेळ होता. जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. तो निरुपयोगी ठरला. झोतभट्टीला कोक लागतो, आणि तो वरच्या खनिजाचा भार सोसणारा, तरीही वायू जाऊ देणारा असावा लागतो. कोक होण्यासाठी कोळसा तापताना आधी मऊ होऊन मग घट्ट व्हावा लागतो. वर्धा खोऱ्यातील कोळशात ऑक्सिजनचे प्रमाण जास्त. त्यातील कार्बनी जाळे मऊ होण्याआधीच नव्या सहसंयुज बंधांनी जखडले जाते. पुढे टाटांचा पोलाद कारखाना साकची (आताचे जमशेदपूर) येथे गेला, आणि 1912 मध्ये तिथे पोलाद तयार झाले. लुईस आणि कोसेल या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉनच्या आधारे बंधांचा उलगडा केला तो त्यानंतर, 1916 मध्ये. 'सहसंयुज' ही कल्पना त्या नावाने लँगम्यूर यांनी 1919 मध्ये रूढ केली.

1990 च्या दशकात घुग्घुस येथे स्पंज आयर्नचे उत्पादन सुरू झाले आणि कोकची अट गळून पडली. फिरत्या भट्टीत खनिज आणि कोक न होणारा कोळसा सुमारे 1000 ते 1050 अंशांवर एकत्र तापवतात. कोळशाने भार सोसायचा नसतो, फक्त कार्बन मोनॉक्साइड पुरवायचा असतो. लोखंड इथेही वितळत नाही; ऑक्सिजन निघून गेलेल्या जागा छिद्रे म्हणून उरतात. मागे राहिलेल्या लोखंडात आयनिक बंध नसतो आणि सहसंयुजही नसतो: अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन साऱ्या धातूत मोकळे फिरतात, त्याला धातूबंध म्हणतात. मात्र छिद्रांमुळे पृष्ठभाग फार वाढलेला असतो. असा माल ओला झाला की ऑक्सिजन पुन्हा लोहाशी जुळू लागतो, ढीग आतून तापतो आणि हायड्रोजनही सुटू शकतो. म्हणून स्पंज आयर्न कोरड्या जागीच साठवावे लागते.