कपाटातली गाणी आणि सोलापूरचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर काही जणांनी विचारलं, "सर, तुमच्या कपाटात एवढ्या तबकड्या, एवढ्या कॅसेटी. त्यातली आम्ही न ऐकलेली दोन-चार गाणी तरी सांगा." आज तेच करणार आहे. पण मी पडलो तत्त्वज्ञानाचा मास्तर. त्यामुळे आधी एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जाववत नाही. गाणं अपरिचित राहतं, ते कशामुळं? ते कमी प्रतीचं असतं म्हणून? माझा अनुभव उलटा आहे. बऱ्याचदा गाण्याचा दोष काहीच नसतो. ते यंत्रापर्यंत पोचलेलं नसतं, एवढंच.

सुरुवात मुद्दाम ओळखीच्या गाण्यानं करतो. 'सोनियाच्या ताटी उजळल्या ज्योती'. भाऊबीजेला हे लागलं नाही असं घर कमीच. १९५५ च्या 'भाऊबीज' चित्रपटातलं गाणं, आवाज आशा भोसले यांचा, संगीत वसंत पवार यांचं. आणि शब्द? इथं सभागृहात शांतता होते, हे मी अनेकदा पाहिलंय. शब्द आपल्या सोलापूरच्या कवी संजीव यांचे. म्हणजे कृष्ण गंगाधर दीक्षित. गाणं घराघरात आणि कवी मात्र त्याच्याच गावात अनोळखी! म्हणून माझी पहिली शिफारस अशी, की हे गाणं यंदा पुन्हा ऐका, पण शब्दांकडे कान देऊन. आणि मग संजीवांची बाकीची गाणी शोधा.

आता मागं जाऊ. शाहीर राम जोशी, हेही आपल्या सोलापूरचे. घर वैदिक आणि पुराणिकांचं, आणि मुलगा रमला तमाशाच्या फडात. पेशवाई बुडायच्या आधीच ते गेले. फोनोग्राफ निघाला १८७७ साली. म्हणजे राम जोशींचा आवाज कसा होता, हे जगात कुणालाही कळणं शक्य नाही. आपण जो ऐकतो तो जयराम शिलेदारांचा, १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' चित्रपटातला. माझ्याकडं त्यातल्या गाण्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत. एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. फडात लावणी रात्र रात्र रंगायची, सवाल-जवाब चालायचे, आणि तबकडीवर ती तीन मिनिटांत आटोपते. वसंत देसाईंचं संगीत उत्तमच आहे, ते जरूर ऐका. पण ऐकताना ध्यानात ठेवा, की लावणी किती लांब असावी हे इथं शाहिरानं ठरवलेलं नाही, तबकडीच्या आकारानं ठरवलंय.

तिसरं नाव शाहीर अमर शेखांचं. आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकातून ते गायले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड घ्या. मुंबईला पोटासाठी आलेला कामगार आणि गावी राहिलेली त्याची बायको. वरवर पाहिलं तर विरहाचं गाणं. पण पुढं तोच विरह मराठी मुलखाच्या तुटलेल्या भागांचा होतो. राजकारण असं गळ्यातून काळजात कसं उतरतं, ते ऐकायचं असेल तर हे गाणं ऐका. अमर शेख १९६९ साली गेले. मैदानात त्यांनी जेवढं गायलं, त्या मानानं यंत्रावर फार थोडं उतरलं.

भर्तृहरी ध्वनी आणि स्फोट असा भेद करतो. ध्वनी विरतो, अर्थ मनात उमलतो. वर्गात मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. भाषेपुरतं ते मला आजही पटतं. पण गाण्याचं काय? गाण्यात तो विरणारा ध्वनीच तर सगळं असतो! शब्द वहीत उतरवता येतात, आवाज उतरवता येत नाही. हे मला पुस्तकानं नाही शिकवलं.

माझी आत्या जात्यावर ओव्या म्हणायची. गावात गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवीचं निमित्तच संपलं. तरी एकदा मी आग्रहानं तिला बसवलं आणि एका कॅसेटवर तिच्या ओव्या टेप केल्या. पुढं एके दिवशी रेडिओवर एक गाजलेलं नाट्यगीत लागलं. कोरी कॅसेट सापडेना. हाताला लागली ती घातली. नाट्यगीत छान टेप झालं. आत्याच्या ओव्या पुसल्या गेल्या. तोवर आत्या राहिली नव्हती. ते नाट्यगीत आज कुठंही मिळतं, बरं का. इतिहास कुणाला गाळतो यावर मी भाषणं देत होतो, आणि घरात तेच काम माझ्या बोटानं केलं.

म्हणून शेवटची शिफारस ओव्यांचीच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आज ऐकायला मिळतात, आणि म्हणणारीचं नाव नि गावही तिथं दिलेलं असतं. रोज एक ऐका. सासर, माहेर, भाऊ, पंढरीची वाट, सगळं तिथं आहे.

आणि घरी गेल्यावर एक करा. आई, आजी, मावशी, जी कुणी असेल तिच्यासमोर खिशातला मोबाइल ठेवा आणि म्हणा, "एक गाणं म्हण." सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून घ्या. ती लाजेल, "माझं काय ऐकायचं?" म्हणेल. तरी घ्या. आणि कृपा करून त्यावर दुसरं काही टेप करू नका.