गुणपत्रिकेबाहेरचे गुण



शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं, मुंबईच्या उत्तरेस वसईच्या खाडीपर्यंत पसरलेल्या उपनगरांतून दरवर्षीं एकच चर्चा ऐकूं येते. मिरा-भाईंदरचेंच उदाहरण घ्या. मिठागरें, शेतें आणि कोळीवाडे यांचा हा प्रदेश. १९८५ सालीं येथें नगरपरिषद स्थापन झाली आणि २००२ सालीं महानगरपालिका. येथील असंख्य कुटुंबांचे डोळे मुंबईंतील नामांकित महाविद्यालयांकडे लागलेले असतात. अकरावीचा प्रवेश संगणकाच्या साह्यानें, गुणानुक्रमें होतो, आणि मोठ्या महाविद्यालयांची यादी बहुधा नव्वदीच्या पलीकडेच संपते. अशा वेळीं एखाद्या घरांत अशी मुलगी असते कीं जिचे गुण साठांच्या पुढें गेलेले नाहींत, परंतु जिनें मल्लखांबावर, तबल्यावर किंवा रंगभूमीवर वर्षानुवर्षें मेहनत केलेली आहे. घरचीं माणसें विचारतात, या मेहनतीला कांहींच मोल नाहीं काय?

‘गुण’ या एकाच शब्दांत आपल्या भाषेनें दोन अर्थ सांठविले आहेत. एक गुण परीक्षक देतो; दुसरा माणसाच्या ठायीं असतो. या दोहोंची फारकत झाली तर काय करावें, हा प्रश्न आपल्याकडील उच्च शिक्षणाइतकाच जुना आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली आणि पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं घेतली गेली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींतील विद्यार्थी होत. या परीक्षेचें महत्त्व आपण कमी लेखूं नये. ज्या समाजांत विद्येचा अधिकार जन्मावरून ठरत असे, त्या समाजांत उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला लिहिणाराचें कुळ ठाऊक नसावें, ही गोष्ट क्रांतिकारक होती. परीक्षा आंधळी असते हा तिच्यावरील आक्षेप खरा आहे. पण तिचा न्यायही त्या आंधळेपणांतच आहे.

मात्र परीक्षेला उत्तरपत्रिका दिसते, ती ज्या घरांत तयार झाली तें घर दिसत नाहीं. याचें सर्वांत ठळक उदाहरण १९०७ सालचें आहे. त्या वर्षीं मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून भीमराव रामजी आंबेडकर नांवाचा विद्यार्थी मॅट्रिक झाला. त्याला ७५० पैकीं २८२ गुण मिळाले होते. म्हणजे शेंकडा ३८ सुद्धां भरत नाहींत. परळच्या चाळींतील एका खोलींत सारें कुटुंब राहत असे. जागा आणि शांतता मिळावी म्हणून मुलानें रात्रीं लवकर निजावें, दोन वाजतां वडिलांनीं त्याला उठवावें आणि मग दिव्याच्या उजेडांत त्यानें अभ्यास करावा, असा क्रम होता. संस्कृत शिकण्याची त्याची इच्छा होती. पण अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली आणि त्याला फारसी घ्यावी लागली. गुणपत्रिकेंत यांतील एकाही गोष्टीची नोंद नव्हती.

ती नोंद एका माणसानें मनांत ठेवली होती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि ग्रंथकार होते; शिवाजी महाराजांचें आणि गौतम बुद्धाचें चरित्र त्यांनीं मराठींत लिहिलें होतें. चर्नी रोडच्या बागेंत ते संध्याकाळीं जात. तेथें एक मुलगा नेहमीं वाचीत बसलेला त्यांच्या दृष्टीस पडे. अभ्यासक्रमाबाहेरचें वाचन हाच त्या मुलाचा छंद होता. केळुसकरांनीं त्याची विचारपूस केली आणि पुस्तकें दिलीं. मॅट्रिकच्या यशाबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखालीं सत्कार झाला, तेव्हां त्यांनीं आपलें बुद्धचरित्र त्याला भेट दिलें.

पुढें महाविद्यालयांत असतां वडिलांची आर्थिक शक्ति संपली. तेव्हां केळुसकरांनीं त्या तरुणाला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढें उभें केलें. महाराजांनीं कांहीं प्रश्न विचारले. उत्तरांनीं त्यांचें समाधान झालें आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मंजूर झाली. महाराजांच्या निर्णयाचा आधार गुणांचा आंकडा नव्हता. केळुसकरांची साक्ष आणि समोरासमोरचें संभाषण हा होता.

१९१३ सालीं महाराजांनींच त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत धाडलें. परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार ४ जून १९१३ रोजीं झाला. १९१५ सालीं एम्. ए. ची पदवी मिळाली. पुढें लंडनमध्येंही असाच अनुभव आला. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनीं तेथील प्राध्यापक फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली. १९२३ सालीं लंडन विद्यापीठानें त्यांना डी. एस्‌सी. पदवी दिली. २८२ गुणांच्या विद्यार्थ्याचा हा प्रवास अवघ्या सोळा वर्षांचा आहे.

खेळाच्या क्षेत्रांतही असाच एक साक्षीदार आढळतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत शिकत होते. त्यांची किरकोळ शरीरयष्टि पाहून क्रीडाशिक्षकांनीं वार्षिक स्पर्धेंत त्यांना घेण्याचें नाकारलें. खाशाबांनीं प्राचार्य खर्डेकर यांच्याकडे दाद मागितली, प्राचार्यांनीं परवानगी दिली, आणि त्यांनीं एकामागून एक कुस्त्या जिंकल्या. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ते सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीला जाण्यासाठीं पैसा कमी पडला, तेव्हां याच प्राचार्यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग परीक्षा बाजूला ठेवावी आणि प्रवेश माणसांच्या पारखीवर सोंपवावा. परंतु इतिहासाची दुसरी बाजूही आहे. अभ्यासाखेरीज विद्यार्थ्याचे इतर उद्योग आणि व्यक्तिमत्त्व पाहण्याची पद्धत अमेरिकेंत रूढ आहे, आणि तिकडे अर्ज करणाऱ्या आपल्याकडील मुलांना तिचें मोठें आकर्षण वाटतें. ही पद्धत कशी वाढली तें पाहण्यासारखें आहे. परीक्षेंत ज्यू मुलें मोठ्या संख्येनें उत्तीर्ण होऊं लागलीं, तेव्हां १९२२ सालीं हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनीं त्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा विचार मांडला. उघड मर्यादेस विरोध झाला. मग १९२६ पासून शील, व्यक्तिमत्त्व आणि मुलाखत यांस प्रवेशांत वजन देण्यांत आलें, आणि त्या आडून ज्यू विद्यार्थ्यांची संख्या कमी करण्यांत आली. जी मोकळीक सयाजीरावांच्या हातीं दार उघडण्याचें साधन झाली, तीच दुसऱ्यांच्या हातीं दार लावण्याचें साधन झाली.

शिवाय केळुसकर त्या बागेंत गेलेच नसते तर? एका मुलाचें भवितव्य एका शिक्षकाच्या फेरफटक्यावर अवलंबून असावें, हें समाजाला भूषणावह नाहीं. हें डॉक्टर आंबेडकरांइतकें कोण जाणणार? १९४५ सालीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ सालीं मुंबईंत सिद्धार्थ महाविद्यालय उघडलें. नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचें व्हावें म्हणून तेथें सकाळचे वर्ग ठेवण्यांत आले. आपल्याला दैवानें जें मिळालें, तें इतरांना व्यवस्थेनें मिळावें, असा या कार्याचा अर्थ मला दिसतो.

आजच्या नियमांतही या दिशेनें कांहीं पाउलें पडलीं आहेत. खेळ, चित्रकला, शास्त्रीय संगीत व नृत्य आणि लोककला यांतील प्रावीण्यास शालान्त परीक्षेंत वाढीव गुण देण्याची तरतूद महाराष्ट्रांत झाली. दृश्यकलेच्या पदवीसाठीं होणाऱ्या प्रवेशपरीक्षेंत तर प्रत्यक्ष चित्र काढून दाखवावें लागतें. असे नियम सर्वांना सारखे लागू असतात, ही त्यांची जमेची बाजू. परंतु नियमाबरोबर त्याचा धोकाही येतो. छंदाला गुण मिळतात असें कळलें कीं छंदाचीही शिकवणी सुरू होते, आणि प्रमाणपत्रांची थप्पी म्हणजेच गुणवत्ता असा समज पसरतो. बागेंतल्या त्या मुलाजवळ प्रमाणपत्र एकही नव्हतें. होती ती वर्षानुवर्षें टिकलेली आवड आणि ती डोळ्यांनीं पाहिलेला एक माणूस.

म्हणून कमी गुणांच्या मुलाच्या आईबापांना एवढेंच सांगावेंसें वाटतें. दहा गोष्टींची धांवपळ करण्यापेक्षां मुलानें खरोखर जिवाभावानें केलेली एक गोष्ट धरून ठेवा. तिची साक्ष देऊं शकेल अशा गुरूशीं त्याचा संबंध तुटूं देऊं नका. ज्या ठिकाणीं त्या गोष्टीची प्रत्यक्ष परीक्षा घेतली जाते, तेथें अर्ज करण्यास संकोच करूं नका. मात्र अभ्यासाला फांटा देऊं नका. २८२ गुणांचा तो विद्यार्थी १९१२ सालीं एल्फिन्स्टन महाविद्यालयांतून रीतसर परीक्षा देऊनच बी. ए. झाला होता.

आणि हें भाषण ऐकणारांत जे शिक्षक असतील त्यांना एक विनंति. आपल्या वर्गांत गुणानुक्रमाच्या तळाशीं असलेलें एखादें मूल शाळा सुटल्यावर कोठें जातें आणि काय करतें, याची यंदा एकदां चौकशी करा.