उसण भरणे
कंबर किंवा पाठ एकाएकी आखडणे. नांदेड जिल्ह्यातला मुदखेड परिसर फुलशेतीचा. तिथे फुलं तोडणाऱ्या बायांना तासन्‌तास वाकावं लागतं, त्यातून उसण भरू शकते. पाठीवर हाताला लागणारे रुंद स्नायू मुख्यतः खांदा-हात हलवतात. कणा सावरतात ते त्यांच्या खालचे : दोन्ही बाजूंना कंबरेपासून वर चढणारे ३-३ उभे पट्टे आणि त्याहून खोल, मणक्याला मणका तिरका बांधणारे आखूड स्नायू. माणूस पूर्ण वाकला की उभे पट्टे जवळजवळ स्वस्थ होतात, भार अस्थिबंधांवर जातो. उठताना मात्र त्यांना पुन्हा जोर लावावा लागतो.