खुंटाला बांधलेले रोप आणि चवड्यांवर चालणारे मूल

१७४१ साली निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने मुलांच्या शरीरातील व्यंगे दूर करण्याविषयी एक पुस्तक लिहिले. 'ऑर्थोपेडिक' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. ग्रीक भाषेत 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि 'पायडिऑन' म्हणजे लहान मूल. वाकडे रोप खुंटाला दोरीने बांधले आहे, हे त्यातले चित्र आजही अस्थिरोगतज्ज्ञांचे बोधचिन्ह आहे.

आपल्या गावांना ही कल्पना कळली ती पोलिओमुळे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये निघाले ते जखमी सैनिकांसाठी. पुढे १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष ठरले आणि केंद्र सरकारची साधने देण्याची योजनाही त्याच साली सुरू झाली. (जालना जिल्हाही त्याच वर्षीचा, १ मेचा.) पोलार पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि जड बूट असे कॅलिपर घातलेले मूल तेव्हाच्या शिक्षकांनी वर्गात हमखास पाहिलेले असे. लुळा स्नायू गुडघा सावरू शकत नाही, ते काम पोलाद करते. हिशेब सरळ होता. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये आढळला.

स्वमग्न मुलाच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अशा ११ मुलांचे वर्णन केले. यांपैकी काही मुले चवड्यांवर चालतात. पायात बळ असते. तरी टाच टेकत नाही. त्याचे कारण पुरते उलगडलेले नाही. वर्षानुवर्षे असे चालल्याने पोटरीचा स्नायू आखडू शकतो. मग घोटा काटकोनात धरणारा प्लॅस्टिकचा आधार देतात. तो स्नायू ताणतो. सवय मोडेलच असे नाही. शिवाय ज्या मुलाला सदऱ्याची शिवणही टोचते, त्याला हा पट्टा छळच वाटेल. म्हणून आत मऊ, बिनशिवणीचा मोजा घालून सुरुवात थोड्या वेळाने करावी लागते.

उलट, काहींना दाब हवासा वाटतो. स्वतः स्वमग्न असलेल्या टेंपल ग्रँडिन यांनी १९६० च्या दशकात मावशीच्या गोठ्यावर, लस टोचताना जनावरे आवळून धरणारा खोडा पाहिला. आपल्याकडे जनावरांच्या दवाखान्यापुढे असतो तसाच. त्यावरून त्यांनी स्वतःसाठी दाब देणारे यंत्र बनवले. वजनदार पांघरुणांचे मात्र २०१४ मधील ब्रिटिश चाचणीत वेगळेच दिसले: मुलांची झोप वाढली नाही, पण मुलांना आणि पालकांना पांघरूण आवडले!

१९९५ च्या अपंग कायद्यातील ७ प्रकारांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत ती आहे. आता तिचेही प्रमाणपत्र मिळते.

वर्गात असे मूल असल्यास त्याला खेळता खेळता उकिडवे बसायला सांगा. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या, तर पोटरी बहुधा फारशी आखडलेली नाही. टेकल्या नाहीत, एकच पाय उचललेला दिसला किंवा आधी नीट चालणारे मूल अचानक असे चालू लागले, तर पालकांना जिल्हा रुग्णालयात पाठवावे.